पाच मणांची सोबतीण

चाळिशी उलटली की बायका काशी-रामेश्वराच्या गोष्टी करू लागतात. मी मोटारसायकल घेतली. रॉयल एन्फील्डची क्लासिक ३५०. मराठी शिकवणाऱ्या बाईला हे काय सुचले, म्हणून आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर चहाबरोबर माझीच चर्चा चालू होती. सासूबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, "पडली तर उचलणार कोण गं?"

मी तो हसण्यावारी नेला. तिसऱ्याच आठवड्यात, सोसायटीच्या फाटकात वळताना गाडी आडवी झाली.

वजन १९५ किलो. जुन्या मापाने पाच मणांहून थोडे जास्तच. मी हँडल धरले, कंबरेत वाकले आणि जोर लावून ओढले. गाडी जागची हलली नाही, माझ्या कंबरेत मात्र उसण भरली. शेवटी वॉचमन आणि इस्त्रीवाला धावत आले. पंधरा दिवस शेकत पडले होते. पण दुखण्यापेक्षा त्या दोघांच्या चेहऱ्यावरची कीव अधिक बोचली.

सीतेने लहानपणी शिवधनुष्याचा घोडा केल्याची कथा मी वर्गात कितीदा सांगितली असेल! पण ते तिने उचलले कसे, हे काही कोणी लिहून ठेवलेले नाही. मला ते शिकवले माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. पोरगी अंगाने काडी, पण एकटीने लडाख करून आलेली.

"मॅडम, तुम्ही गाडीकडे तोंड करता तिथेच चुकता. तिच्याकडे पाठ करा."

आधी इंजिन बंद करायचे. पेट्रोल गळत नाही ना आणि मागून वाहने येत नाहीत ना, ते पाहायचे. गाडी गिअरमध्येच असू द्यायची, म्हणजे चाक सरकत नाही. साइड स्टँड डावीकडे असतो. तेव्हा गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर तो आधीच बाहेर काढून ठेवायचा. मग ज्या अंगावर पडली त्याच अंगाला हँडल पूर्ण वळवायचे. आता तिच्याकडे पाठ करून खाली बसायचे आणि सीटच्या कडेला पाठीचा खालचा भाग टेकवायचा. एका हातात खालची मूठ, दुसऱ्या हातात मागच्या सांगाड्याची पक्की जागा. तापलेल्या सायलेन्सरपासून हात दूर! हातांनी नुसते धरायचे. जोर सगळा मांड्यांचा. पाठ ताठ ठेवून बारीक बारीक पावले मागे टाकत जायचे. शेवटी शेवटी गाडी एकाएकी हलकी होते. तिथे हात आवरला नाही तर ती पलीकडच्या अंगावर कलंडते.

आमची आजी तांब्याचा भरला हंडा असाच उचलायची. वाकून कधीच नाही. उकिडवी बसायची, हंडा मांडीवर घ्यायची, मग कंबरेवर. तिला कोणी शिकवले होते कोण जाणे.

एक मात्र सांगते. उतारावर गाडी खालच्या अंगाला पडली असेल, किंवा पाठीचे दुखणे असेल, तर अभिमान गुंडाळून ठेवावा आणि सरळ हाक मारावी.

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात धबधबा पाहायला कडेला थांबले. जमीन भुसभुशीत, स्टँड रुतला आणि गाडी डाव्या अंगावर गेली. माणूस दिसेना. फोनला रेंज नाही, वर पाऊस. शिकल्याप्रमाणे पाठ लावली. पण चिखलात पाय घसरले आणि मी बसकण मारली. रडू आलेच होते. मग दोन चपटे दगड शोधून आणले, टाचांखाली घट्ट बसवले आणि पुन्हा पाठ लावली. या खेपेला गाडी वीतभर उठली, मग हातभर, मग उभीच! टाचेने स्टँड चाचपून काढला आणि त्याच्याखाली त्यातलाच एक दगड सरकवला. पाय लटलटत होते.

घरी पोचल्या पोचल्या सासूबाईंना ही सगळी हकीकत रंगवून सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता आधी न्हाऊन घे. चिखल घरभर करू नकोस."