ठरलेली बोट

पुण्यातल्या जुन्या घरांत बऱ्याच गोष्टी ‘ठरलेल्या’ असतात. ठरलेला दूधवाला, ठरलेला शिंपी, लक्ष्मी रस्त्यावरचा ठरलेला सोनार. बाकरवडीही ठरलेल्या दुकानातलीच, मग रांग कितीही लांब असो. एकदा पटले की दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाही, ही सवय इथे पिढीजात आहे. तिच्यामागे अनुभवही आहे. ओळखीचा सोनार घट नीट सांगतो, ओळखीचा दूधवाला पाहुणे आले तर लिटरभर जास्त घालून जातो.

हीच सवय आता समुद्रावर पोचली आहे. समुद्रापासून दूर असलेल्या या शहरातली असंख्य कुटुंबे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत क्रूझवर जाऊन आली. पहिली ओळख बहुतेकांना सिंगापूर-मलेशिया-थायलंडच्या सहलीत झाली. दोन-तीन रात्री स्टार क्रूझच्या सुपरस्टार व्हर्गोवर घालवायच्या, हा त्या सहलींतला हमखास भाग असे. मग मुंबई-गोवा झाले, भूमध्य समुद्र झाला, कुणी अलास्काचे हिमकडे पाहून आले. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी घरात एक चर्चा सुरू होते. मागच्या वेळी सगळे छान झाले होते, तर तीच कंपनी घ्यावी की दुसरी बघावी?

दूधवाल्याच्या बाबतीत जे उत्तर बरोबर आहे, ते इथे बरोबर नाही. ते का, हे समजायला जहाज कंपन्यांच्या सभासद योजना नीट बघाव्या लागतात.

रॉयल कॅरेबियन या अमेरिकी कंपनीची ‘क्राउन अँड अँकर सोसायटी’ घ्या. हिशेब सोपा आहे. जहाजावरची एक रात्र म्हणजे एक गुण, आणि स्वीटमध्ये राहिले तर दुप्पट. 30 गुणांना प्लॅटिनम, 55 ला एमराल्ड, 80 ला डायमंड, 175 ला डायमंड प्लस आणि 700 ला सर्वांत वरची पिनॅकल पायरी. खऱ्या अर्थाने उपयोगी पडणाऱ्या सवलती डायमंडपासून सुरू होतात. आता पुण्यातले एक निवृत्त जोडपे डोळ्यांसमोर आणा. दर दोन वर्षांनी सात रात्रींची एक क्रूझ करायची म्हटले, तरी 80 गुणांसाठी बारा क्रूझ लागतात. म्हणजे जवळजवळ दोन तपे. साठीला पहिल्यांदा बोटीवर पाय ठेवला तर डायमंडचे कार्ड हाती येईपर्यंत वय ऐंशीच्या पुढे गेलेले असेल.

ही योजना त्या जोडप्यासाठी बनलेलीच नाही. ती फ्लोरिडात राहणाऱ्या माणसासाठी आहे. तो घरातून गाडी काढतो, तासा-दीड तासात मायामीच्या किंवा फोर्ट लॉडरडेलच्या बंदरात पोचतो आणि वर्षातून चार वेळा बहामाला जाऊन येतो. त्याला विमानाचे तिकीट लागत नाही, व्हिसासाठी मुलाखत द्यावी लागत नाही. त्याचे गुण भराभर साठतात. पुणेकराच्या खर्चाचा मोठा वाटा मुंबईहून बार्सिलोना किंवा सिएटल गाठण्यातच जातो, आणि त्या खर्चाचा जहाज कंपनीच्या वहीत एकही गुण पडत नाही.

मिळणाऱ्या सवलतींकडेही आपल्या नजरेने पाहायला हवे. रॉयल कॅरेबियनच्या डायमंड सभासदाला दिवसाला चार पेये मोफत मिळतात. अमेरिकी प्रवाशाला त्यातून रोजचे चाळीस-पन्नास डॉलर वाचल्यासारखे वाटते. घरात कोणी मद्य घेत नसेल, तर हा फायदा कॉफी आणि सरबतावर येऊन थांबतो. प्रिन्सेस कंपनीत पंधरा क्रूझ किंवा दीडशे दिवस झालेल्या प्रवाशाचे कपडे मोफत धुऊन मिळतात. लांबच्या प्रवासात ही सोय चांगलीच आहे, पण तिच्यासाठी पंधरा क्रूझ करायच्या का, याचे उत्तर ज्याचे त्याला सहज देता येईल.

शिवाय नियम ठरवणे आणि बदलणे हे कंपनीच्याच हाती असते. कार्निव्हलने 2025 मध्ये जाहीर केले की जून 2026 पासून त्यांची योजना जहाजावरच्या दिवसांऐवजी खर्च केलेल्या पैशांवर चालेल. वर्षानुवर्षे साध्या आतल्या केबिनमधून, काटकसरीने दिवस जमवलेल्या प्रवाशांना हा बदल चांगलाच झोंबला. ठरलेला वाणी एका रात्रीत उधारीचा नियम बदलायला धजत नाही, कारण सकाळी दारात तुम्ही उभे असता. लाखो सभासदांच्या कंपनीला तशी भीड नसते.

बरे, कंपनी बदलली म्हणजे खरेच काही बदलते का, हेही पाहिले पाहिजे. कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्यूनार्ड, कोस्टा आणि जर्मन प्रवाशांची लाडकी आयडा, या सगळ्या कार्निव्हल कॉर्पोरेशन या एकाच मालकाच्या. रॉयल कॅरेबियनच्या घरात सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी. नॉर्वेजियनच्या घरात ओशियाना आणि रीजंट. जिनिव्हाच्या अपाँटे कुटुंबाची एमएससी हे चौथे मोठे घर. जगातल्या मोठ्या क्रूझ जहाजांतली बहुतेक या चार घरांत वाटलेली आहेत. ‘आम्ही या वेळी कंपनी बदलली’ असे म्हणणारा कित्येकदा एकाच वाड्यातल्या दुसऱ्या खोलीत गेलेला असतो. याचा फायदाही घेता येतो. रॉयल कॅरेबियनने 2024 पासून आपल्या तिन्ही कंपन्यांत सभासदांची पायरी परस्परांना मान्य केली. एमएससी तर दुसऱ्याच कंपनीतली तुमची पायरी पाहून आपल्याकडची तशी पायरी देऊ करते. निष्ठा सोडणाऱ्याला बक्षीस, असा हा व्यवहार.

जहाजांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस हे जहाज निघू लागले. गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्यांवर पुण्यातून किती तरी कुटुंबे त्यावर गेली. हे जहाज 1990 मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने रॉयल कॅरेबियनसाठी पाण्यात उतरले होते. 2004 मध्ये ते ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाले, 2008 मध्ये स्पेनच्या पुलमंतूर कंपनीकडे गेले, 2016 मध्ये पुन्हा रॉयल कॅरेबियनकडे आले आणि शेवटी आपल्या किनाऱ्यावर पोचले. त्याआधी एप्रिल 2019 मध्ये मोठ्या थाटात सुरू झालेल्या जलेश क्रूझची ‘कर्णिका’ हीदेखील 1990 चीच, मूळची ‘क्राउन प्रिन्सेस’. मधल्या काळात तिने आयडा, ओशन व्हिलेज आणि ऑस्ट्रेलियातल्या पी अँड ओ यांची नावे अंगावर वागवली. कोविडच्या वर्षात जलेश बंद पडली आणि कर्णिका 2020 मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. सुपरस्टार व्हर्गो चालवणाऱ्या स्टार क्रूझची मालक कंपनी, गेंटिंग हाँगकाँग, जानेवारी 2022 मध्ये बुडीत निघाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिचे ‘गेंटिंग ड्रीम’ हे जहाज ‘रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस’ या नव्या नावाखाली सिंगापूरहून निघू लागले. पोलाद तेच, पाटी नवी.

ज्या नावाला धरून राहायचे, ते नाव टिकेल याचीच खात्री नसते.

कंपनीवरची निष्ठा एके काळी फार मोठ्या गोष्टीसाठी होती, याची आठवण इथे ठेवली पाहिजे. तुतिकोरिनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी 1906 मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून तुतिकोरिन-कोलंबो मार्गावर बोटी घातल्या. ते टिळकांना मानणारे होते, स्वदेशीची हाक त्यांनी समुद्रावर नेली. समोरची ब्रिटिश इंडिया कंपनी भाडे पाडत गेली, शेवटी फुकट न्यायला तयार झाली. तरी लोक पैसे मोजून स्वदेशी बोटीत बसले. चिदंबरम यांना 1908 मध्ये अटक झाली आणि 1911 मध्ये कंपनी गुंडाळावी लागली. आपल्या कोकण किनाऱ्यावरही गोऱ्या मालकांच्या आगबोटींना तोड म्हणून सहकारी कंपनी उभी राहिली होती. लोक तिला मायेने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींची नावे रामदास, तुकाराम, सेंट अँथनी अशी होती, सर्व धर्मांच्या उतारूंना आपली वाटावीत अशी. ती माया खरी होती. पण 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. आपलेपणाने बोट सुरक्षित होत नाही, हे कोकणाने फार मोठी किंमत देऊन शिकले.

त्या काळच्या उतारूच्या एका तिकिटाने कंपनी जगत होती. आजच्या कंपनीला तुमच्या एका केबिनने तसा फरक पडत नाही. म्हणून आजची निवड निष्ठेने न करता समुद्र बघून करावी.

अलास्काला जायचे असेल तर प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका यांचे पारडे जड आहे. तिथे त्यांची स्वतःची निवासस्थाने आहेत, देनालीकडे जाणारे त्यांचे काचेच्या छताचे रेल्वे डबे आहेत. बोट आणि जमीन असा जोड प्रवास त्यांच्याइतका सोपा दुसऱ्या कोणाकडे होत नाही. नॉर्वेच्या किनाऱ्याची गावे बघायची तर 1893 पासून टपाल आणि माणसे नेणारी हुर्टिग्रुटेन आहे. तिथे नाचगाणी कमी, पण दिवसातून अनेक बंदरे लागतात. भूमध्य समुद्रात कोस्टा आणि एमएससी यांच्या भरपूर फेऱ्या असतात. नातवंडांना घेऊन सिंगापूरहून तीन-चार रात्री जायचे तर रॉयल कॅरेबियनची मोठी जहाजे आहेत. शाकाहारी, त्यातही जैन जेवण हवे असेल तर गेंटिंग ड्रीम सोयीचे, आणि मुंबईहून निघायचे असेल तर कॉर्डेलिया. एकाच कंपनीला धरून बसणारा यातले निम्मे तरी समुद्र दुय्यम रीतीने पाहील. आयुष्यात चार-पाचच क्रूझ होणार असतील, तर हा तोटा मोठा आहे.

मग ठरलेले काहीच नको का? हवे, पण ते जहाजाचे नाव नसावे. पुणे-मुंबईच्या मराठी माणसाची खरी निष्ठा सहल कंपनीवर असते आणि त्यात तथ्य आहे. केसरी पाटील यांनी 1984 मध्ये सुरू केलेल्या केसरीने, पुढे त्यांची मुलगी वीणा पाटील यांनी 2013 मध्ये काढलेल्या वीणा वर्ल्डने मराठी माणसाला परदेशात बोट धरून फिरवले. सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर आहे, आजीच्या गोळ्या विमानतळावर अडकल्या तर धावपळ करणारे कोणी आहे, या भरवशाला गुणांच्या भाषेत मोजता येत नाही. इथे नाते माणसाशी असते. आज एमएससी, उद्या प्रिन्सेस, अशी जहाजे बदलली तरी ते टिकते.

तोही भरवसा डोळे मिटून ठेवू नये. 1758 पासूनचा वारसा सांगणारी कॉक्स अँड किंग्ज 2019 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडची थॉमस कुक बंद पडली. भारतातल्या थॉमस कुकची मालकी आधीच वेगळी झालेली असल्याने ती वाचली, पण ते दिवस तिच्या ग्राहकांची झोप उडवून गेले असतील. जुने नाव ही हमी नसते.

तीच बोट पुन्हा घेण्याची रास्त कारणेही आहेत आणि ती बहुतेक वयाशी बांधलेली आहेत. गुडघे दुखत असताना जहाजाचा नकाशा आधीच पाठ असणे, लिफ्टपासून किती पावलांवर कोणती केबिन आहे हे माहीत असणे, भाजी कमी तिखट करून देणारे स्वयंपाकघर ओळखीचे असणे, याला मोल आहे. अशा जोडप्याने नावीन्याच्या हौसेपायी स्वतःला दमवू नये. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत आणि जे दर उन्हाळ्यात सहा महिने तिकडेच असतात, त्यांनीही गुणांचा विचार जरूर करावा. त्यांच्यापुरते फ्लोरिडाच्या माणसाचे गणित लागू पडते.

बाकीच्यांनी सभासदत्व मात्र सोडू नये. ते फुकट असते. ग्रुपमधून गेलात तरी बुकिंगच्या वेळी आपला सभासद क्रमांक एजंटाला लिहून द्यावा. बरेच जण तो देत नाहीत आणि झालेल्या रात्री वाया जातात. गुण आले तर घ्यावेत, त्यांच्यामागे धावू नये. जहाजावरच पुढच्या क्रूझचे बुकिंग करून घेणारा विभाग असतो. तिथे शेवटच्या संध्याकाळी, मन भरलेले असताना, पैसे भरण्याचा मोह होतो. त्या पैशांतले परत मिळणारे किती आणि न मिळणारे किती, हे आधी विचारावे.

आणि पुढच्या क्रूझचे पैसे भरण्यापूर्वी एजंटाकडून एवढे तरी लेखी घ्यावे: जहाजाचे नाव आणि ते बांधल्याचे वर्ष, प्रत्येक बंदरात ते किती तास थांबणार, माणशी रोजची टिप आणि बंदराचे कर दरात धरले आहेत की नाहीत, आणि ऐनवेळी जहाज बदलले तर पैसे कोण परत करणार. जो या प्रश्नांची उत्तरे कागदावर देईल, त्याच्याकडे बुकिंग करावे.