आणिमांडव्याची फिर्याद

मांडव्य ऋषींची कथा आमच्या बहुतेक वाचकांनी बालपणी आजीच्या तोंडून ऐकली असेल. ऋषी मौन धरून तप करीत असता चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात दडविला. मागोमाग राजाचे रक्षक आले. प्रश्नांस उत्तर मिळेना, म्हणून संशयाने त्यांनी ऋषींसही बांधून नेले आणि राजाज्ञेने त्यांस सुळावर चढविण्यात आले. आदिपर्वातील ही कथा आपण विदुराच्या जन्माची म्हणून स्मरणात ठेवतो. कौटिल्याने मात्र तिच्यातून निराळेच तात्पर्य काढले आहे. अर्थशास्त्राच्या 'कंटकशोधन' अधिकरणात तो म्हणतो की, मांडव्य चोर नसताही क्लेशाच्या भयाने 'मी चोर आहे' असे म्हणाला. सबब पुरावा पूर्ण झाल्यावाचून निर्णय करू नये. त्याच अध्यायात यातनांचे प्रकारही सांगितले आहेत, हे लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तथापि माराच्या भयाने निघालेली कबुली सत्य असेलच असे नाही, एवढे ज्ञान आपल्या देशात फार जुने आहे.

याचे स्मरण होण्यास जे कारण घडले ते असे. आमचा एक जुना विद्यार्थी एका दुकानात हिशेब लिहीत असे. गल्ल्यातील रक्कम कमी भरली, संशय याच्यावर आला, आणि चौकशीसाठी म्हणून त्यास चौकीवर नेऊन दोन रात्री बसवून ठेवण्यात आले. घरी निरोप नाही, कागदावर अटक नाही. तिसऱ्या दिवशी रक्कम मालकाच्याच दुसऱ्या पेटीत सापडली व मुलास सोडून देण्यात आले. त्याच्या तळपायांवरील वळ आईने पाहिले. वडील आमच्याकडे अर्ज लिहून घेण्यास आले तेव्हा, सांगण्यास लाज वाटते, 'झाले ते गंगेला मिळाले' असाच उपदेश आम्ही केला. ते म्हणाले, "गुरुजी, वर्गात चुकून भलत्याच मुलाला छडी बसली, तर तुम्ही त्याला जवळ बोलावून 'माझे चुकले' म्हणत होता. तेवढे कोणीतरी म्हणावे, इतकीच इच्छा आहे." आम्ही लेखणी उचलली.

यथावकाश विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणापुढे सुनावणी निघाली. पहाटेच्या एस.टी.ने आम्ही तिघे गेलो. दालन लहान, समोर निवृत्त न्यायाधीश व सदस्य, एका बाजूस ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते अधिकारी, आणि त्यांच्यापासून चार हातांवर हा मुलगा. "तुला मारले का?" असे विचारताच तो खाली पाहून म्हणाला, "नाही." वडिलांनी डोळे मिटून घेतले. आम्हांस मांडव्य आठवला तो त्या क्षणी. अध्यक्षांनी किंचित विचार करून अधिकाऱ्यांस बाहेर बसण्यास सांगितले, मुलास पाणी देवविले आणि प्रश्न बदलला : "पहिल्या रात्री तू कोठे झोपलास?" मग तो बोलू लागला. पुढे अधिकाऱ्यांस आत बोलावून ते सारे वाचून दाखविण्यात आले व उत्तर देण्याची पूर्ण संधी देण्यात आली, हेही न्याय्यच झाले. मुलगा तासाभरासाठीच आला होता, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा ठाण्याची स्टेशन डायरी मागविण्यात आली. तीत मुलाच्या येण्याची नोंद नव्हती आणि जाण्याचीही नव्हती. काही महिन्यांनी प्राधिकरणाने खातेनिहाय चौकशीची शिफारस केली.

अशा चौकशीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८५४ साली पार्लमेंटात वाद झाल्यावर मद्रास इलाख्यातील महसूल व पोलीस नोकरांच्या छळाच्या तक्रारी ऐकण्यास तीन जणांचे कमिशन बसले. १८५५च्या अहवालात बोटे चेपणारी लाकडी 'किट्टी', माणसास वाकवून बांधून ठेवण्याचा 'अनुंदाल' अशा प्रकारांची वर्णने आहेत. परंतु छळाच्या खात्रीपेक्षाही, पीडितास दाद मिळणे किती कठीण आहे हे पाहून आपणांस अधिक दुःख झाले, असे त्या सदस्यांनी लिहून ठेवले आहे. आमच्या मते सर्व प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

नियमांची वाण आपल्याकडे नाही. पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही, हे तत्त्व १८६१च्या फौजदारी संहितेत आले, १८७२च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून राहिले आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३मध्येही आहे. अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने व्हावा, आप्तास कळवावे, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू प्रकरणी सांगितले. २००६ साली प्रकाश सिंह प्रकरणी त्याच न्यायालयाने राज्य व जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर तक्रार प्राधिकरणे नेमण्यास सांगितले. ती फिर्याद करणारे गृहस्थ स्वतः पोलीस महासंचालक होते, हे विशेष. रात्र रात्र जागून आपले रक्षण करणाऱ्या खात्यातूनच हा आवाज उठला. महाराष्ट्राने २०१४च्या दुरुस्तीत जिल्ह्याऐवजी विभाग हे स्थान ठरविले. त्यामुळे कित्येकांस दाद मागण्याची वाट लांबची झाली.

ती वाट एकट्याने चालणे कठीण, आणि येथेच आपणां सुशिक्षित कुटुंबांचे कर्तव्य येते. दुखापत असल्यास त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात दाखवावी, तारीख-वेळ लिहून ठेवावी, अर्जाची पोच घ्यावी, आणि मुख्य म्हणजे तक्रारदाराबरोबर कोणीतरी जावे. 'पोलिसांच्या भानगडीत कोण पडतो' हे वाक्य आमच्याही तोंडी होते, म्हणूनच हे लिहिण्याचा अधिकार आम्ही घेतो.

सुनावणीहून परतताना मुलगा खिडकीशी बसला होता. घराची वाट त्याच चौकीवरून जाते. "उद्यापासून तिथूनच जायचे ना, गुरुजी?" त्याने विचारले. आम्ही होय म्हणालो. तेव्हापासून आमचा सायंकाळचा फेरफटका त्या बाजूने असतो.