टाकीत हात घालण्यापूर्वी

बडोद्याला समुद्र नाही, पण आमच्या दिवाणखान्यात गेली सहा वर्षे खाऱ्या पाण्याची अडीचशे लिटरची टाकी आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर लागलेला हा नाद. कोजागरीला किंवा गणपतीत घरी येणारी मंडळी टाकीपाशी थांबतात आणि दोन प्रश्न हमखास विचारतात. "यांना हात लावला तर चालतो का?" आणि "बिचारे एवढ्याशा जागेत कंटाळत नाहीत का?" मंडळाच्या काही सभासदांकडेही अलीकडे अशा टाक्या आल्या आहेत, म्हणून या दोन प्रश्नांची उत्तरे जरा सविस्तर देतो.

थोडक्यात सांगायचे तर, आपला हात शक्य तेवढा बाहेर ठेवावा आणि प्राण्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे काहीतरी करायला मिळेल असे पाहावे. पहिली गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो.

पाच रुपयांचे नाणे

मुंबईला जाताना भरूचजवळ गाडी नर्मदेच्या पुलावर आली की आमच्या सौ. नातवाच्या हातात नाणे देतात. नदीला नमस्कार करायचा आणि नाणे टाकायचे. तीन वर्षांपूर्वी, तेव्हा पाच वर्षांचा असलेल्या त्या नातवाने एके दिवशी तोच नमस्कार आमच्या टाकीला केला. कोणाच्या लक्षात आले नाही.

आठवड्याभराने दोन कोळंब्या मेल्या. काचेवर फिरणाऱ्या गोगलगायी तळाला पडून राहिल्या. मासे मात्र ठणठणीत. अमोनिया तपासला, क्षारता तपासली, सगळे ठीक. शेवटी तांब्याची चाचणी केली, तेव्हा पाण्यात तांबे निघाले. दगडामागे हिरवट पडलेले पाच रुपयांचे पिवळे नाणे सापडले. त्या नाण्यात मुख्यतः तांबेच असते. सगळी नोकरी नाणी मोजण्यात गेली, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

माशांच्या काही रोगांवर तांब्याचे औषध देतात, पण कोळंबी, खेकडे, गोगलगायी यांना ते अगदी थोड्या प्रमाणातही मारक ठरते. पुढचे दोन आठवडे पाणी बदलत राहिलो, सक्रिय कोळसा वापरला. उरलेली एक कोळंबी वाचली. नातवाला कोणी रागावले नाही. त्याने श्रद्धेनेच केले होते.

नाण्याने जे केले ते हातही करू शकतो. हाताला साबण, क्रीम, अत्तर, डासांचे मलम असे काय काय लागलेले असते. बोटात तांब्याची अंगठी, मनगटात तांब्याचे कडे असते. हे सगळे पाण्यात उतरते.

हात घालावाच लागला तर

दगड हलवणे, मेलेला प्राणी काढणे, काच पुसणे यासाठी हात घालावा लागतोच. त्यासाठी मी पाळतो ते नियम असे:

१. हात कोपरापर्यंत साध्या पाण्याने नीट धुवावेत, दागिने काढावेत. लांब हातमोजे असतील तर उत्तम. हाताला जखम असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालूच नये. खाऱ्या पाण्यातील काही जिवाणूंचा जखमेतून संसर्ग होतो. काम झाल्यावर मात्र साबणाने हात धुवावेत.

२. हीटर, पंप यांचे स्विच आधी बंद करावेत. पाणी आणि वीज शेजारी असतात हे विसरू नये.

३. मासा पकडायला जाळीपेक्षा पारदर्शक प्लास्टिकचा डबा बरा. अनेक माशांच्या कल्ल्यांवर काटे असतात, ते जाळीत अडकून मासा जखमी होतो. शिवाय माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे संरक्षण. हाताने धरले की तो निघतो. माशाचा पाठलाग करू नये. डब्यात खाणे ठेवून थांबावे.

४. तारामासा पाण्याबाहेर काढू नये. त्याच्या शरीरात पाण्याच्या नळ्या असतात, त्यांत हवा गेली तर तो मरू शकतो. फुगणाऱ्या केंड माशाला गंमत म्हणून बाहेर काढणे तर क्रूरपणाच. तो एरवी पाणी गिळून फुगतो, बाहेर काढला तर हवा गिळतो आणि ती त्याला सहज सोडता येत नाही.

५. समुद्रफूल दगडाला चिकटलेले असताना ओढू नये, त्याचा तळ फाटतो. गोगलगाय सरळ वर न ओढता हलकेच बाजूला सरकवून सोडवावी.

६. लायन फिशचे काटे विषारी असतात. झोअँथिड नावाच्या रंगीत मऊ प्रवाळांच्या काही जातींत अत्यंत तीव्र विष असते. त्यांना हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळावे. ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये. त्या वाफेने घरातली माणसे आजारी पडू शकतात.

कंटाळ्याचा प्रश्न

आता दुसरा प्रश्न. माशांना अक्कल नसते हा समज आता टिकत नाही. जपानमधील ओसाकाच्या संशोधकांनी क्लीनर रास या छोट्या माशाच्या गळ्याखाली रंगीत ठिपका दिला. आरशात तो पाहिल्यावर मासे गळा वाळूवर घासू लागले. २०१९ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याचा नेमका अर्थ काय यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण 'मासा म्हणजे शोभेची वस्तू' असे म्हणणे त्यानंतर अवघड झाले.

मग घरी काय करता येते? खर्चाचे फारसे काही नाही.

हर्मिट खेकड्याला स्वतःचे कवच नसते, तो रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की घर बदलतो. त्याच्यासाठी थोड्या मोठ्या मापाचे चार-पाच रिकामे शंख टाकीत ठेवावेत. रंगवलेले नकोत. तो एकेक शंख पायांनी चाचपतो, आत डोकावतो आणि पसंत पडला तर क्षणात उडी मारून शिरतो. भाड्याचे घर पाहायला निघालेल्या माणसासारखा त्याचा सगळा थाट असतो.

पिस्तुल कोळंबी आणि गोबी मासा यांची जोडी ठेवता येते. कोळंबीला नीट दिसत नाही, ती दिवसभर बीळ खणते. गोबी दारात पहारा देतो. कोळंबीची मिशी त्याच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की तो शेपटी हलवतो आणि दोघे आत. यासाठी लागते ती जाड थराची, वाळू आणि बारीक खडे मिसळलेली जमीन.

खाणे रोज एकाच जागी, एकाच वेळी ओतू नये. कधी प्रवाहात सोडावे, कधी दगडाच्या फटीत ठेवावे. शेवाळ खाणाऱ्या माशांसाठी वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा क्लिपला लावावा, ते तासभर टोचत बसतात. दिवे एकदम लावू-विझवू नयेत, हळूहळू कमी-जास्त करावेत. लपायला जागा भरपूर हवी. ज्याला लपता येते तोच निर्धास्तपणे बाहेर फिरतो.

पण बदल म्हणजे सतत उलथापालथ नव्हे. दर आठवड्याला दगड हलवले तर माशाचे घरच मोडते. नवी गोष्ट ठेवल्यावर मासा खाणे सोडून कोपऱ्यात राहिला, भरभर श्वास घेऊ लागला, तर ती गोष्ट काढून घ्यावी.

एक सूचना कायद्याची. समुद्रघोडे, प्रवाळांच्या अनेक जाती आणि समुद्रकाकडी यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दुकानदार "मिळतात" म्हणाला तरी घेऊ नयेत. जामनगरकडे ओहोटीला सागरी राष्ट्रीय उद्यान पाहायला आपण जातो, तिथून रिकामा शंखसुद्धा आणू नये.

नातू आता आठ वर्षांचा आहे. सुट्टीत आला की शेवाळाची क्लिप लावण्याचे काम त्याचे. टाकीशेजारी त्याने स्वतः एक वाटी ठेवली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तो अंगठ्या, कडी आणि खिशातली नाणी त्यात काढून ठेवायला लावतो, आणि मगच काचेजवळ येऊ देतो.