नेटवर्किंगचं पुस्तक निवडताना

नेटवर्किंग किंवा क्लाउडचं पुस्तक तत्त्वं शिकवतं की एखाद्या कंपनीची उत्पादनं, हे आधी पाहावं. तत्त्वं सावकाश जुनी होतात. इंटरनेटवर माहिती पोहोचवण्याचे नियम ठरवणाऱ्या टीसीपीचं १९८१चं तपशीलपत्र २०२२मध्ये नव्यानं लिहिलं गेलं, पण जोडणी सुरू करणारी तीन संदेशांची देवाणघेवाण तीच राहिली. म्हणून रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या ‘टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड’चा १९९४चा पहिला खंड आजही कामी येतो. आयपीव्ही-६ही हवं असेल, तर केव्हिन फॉल यांनी वाढवलेली २०११ची आवृत्ती घ्यावी.

नवख्यांना कुरोस आणि रॉस यांचं पुस्तक सोयीचं. ते वेब, ईमेल अशा ओळखीच्या गोष्टींपासून सुरू होऊन खालच्या थरांकडे उतरतं. टॅनेनबॉम यांच्या पुस्तकाची मांडणी उलटी, तारांपासून वर चढणारी.

क्लाउडच्या सेवा, दर आणि स्क्रीन मात्र सतत बदलतात. परीक्षेसाठी पुस्तक घेताना मुखपृष्ठावरचा कोड चालू परीक्षेशी ताडून पाहावा. अ‍ॅमेझॉनच्या असोसिएट पातळीच्या आर्किटेक्ट परीक्षेचा कोड २०२२मध्ये सी०२वरून सी०३ झाला. शेवटी, थोडाफार माहीत असलेल्या विषयाचं एक प्रकरण दुकानातच वाचावं. त्यात ‘असं करा’बरोबर ‘असं का’ही सापडलं, तर पुस्तक घ्यावं.