शेततळ्यातील मासा : आहार, ऋतू आणि गाबोळी

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके उसासाठी सर्वपरिचित आहेत. परंतु १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूरचे नाव माशांशीही जोडले गेले. भिगवणच्या बाजारात चिलापी, कटला, रोहू हे मासे नित्याचे झाले आहेत. आता काही शेतकरी शेततळ्यांतही मासे वाढवतात. धरणातला मासा आपले अन्न आपण शोधतो. शेततळ्यातल्या माशाला मात्र बहुतांशी मालकाच्या हाताकडे पाहावे लागते. मत्स्यपालनाच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचाच असतो. म्हणूनच या खाद्याचे माशाच्या शरीरात पुढे काय होते, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा मिळवणे व शरीर घडवणे या क्रियेला चयापचय म्हणतात. माणसाचे शरीर स्वतःची उष्णता राखते, मासा पाण्याइतकाच थंड वा उबदार असतो. पाणी १० अंशांनी थंड झाले, तर त्याचा चयापचय साधारणपणे निम्म्यावर येतो. पौषातल्या थंडीत रोहू-कटला यांची भूक मंदावते ती यामुळे. अशा वेळी उन्हाळ्याच्या मापाने टाकलेली शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा तळाशी कुजतो आणि पाणी बिघडते.

उन्हाळा चढू लागला की निराळेच चक्र सुरू होते. मादीच्या यकृतात अंड्यांच्या बलकाचे प्रथिन तयार होऊन रक्तावाटे अंडाशयात जाते. त्यासाठी आहार तर लागतोच, शिवाय यकृतातील व स्नायूंतील साठवलेली चरबीही खर्ची पडते. आपण चवीने खातो ती गाबोळी म्हणजे माशाने स्वतःच्या अंगातून काढून ठेवलेली शिदोरीच होय. एक किलो वजनाची रोहू मादी लाखांनी अंडी धारण करते. मग वजन वाढणार कोठून? या काळात प्रथिने व चांगले तेल कमी पडले, तर अंडी निकृष्ट होतात. उलट नुसत्या पिष्टमय खाद्याचा मारा केला, तर आतड्याभोवती चरबी साचते आणि प्रजननात अडथळा येतो.

रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी हवे असते. १९५७ साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन हा अडसर दूर केला आणि बीजोत्पादन शक्य झाले. शेततळ्यात मात्र ती अंडी बाहेर न पडता पावसाळ्यानंतर शरीरातच पुन्हा शोषली जातात.

चिलापीची गोष्ट अगदी उलट. ती तळ्यातच वर्षातून अनेकदा विते. मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. साहजिकच माद्या खुरटतात व तळे बारीक पिल्लांनी भरते. म्हणून व्यापारी पालनात केवळ नरांचे बीज सोडण्याची पद्धत रूढ झाली आहे.

प्राणवायूचा प्रश्नही खाद्याशीच निगडित आहे. जेवणानंतर माशाची प्राणवायूची गरज वाढते; जास्तीच्या प्रथिनांतून निर्माण झालेला अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यात जातो. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे प्राणवायू आधीच घटलेला असतो. अशा वेळी आदल्या संध्याकाळी पोटभर खाऊ घातलेले मासे पृष्ठभागावर तोंड वासतात, आणि कित्येकदा एका रात्रीत सारे तळे हातचे जाते.

बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे २००९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत याच अंगाने संशोधन झाले आहे. उष्ण व दूषित पाण्याचा ताण पंगस माशाला सोसता यावा, यासाठी खाद्यात जस्त, सेलेनियम यांसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात मिसळून तेथे प्रयोग करण्यात आले. तोवर शेतकऱ्याच्या हाती असलेला उपाय साधाच आहे : पोत्यावरचे माप न पाहता पाण्याचे तापमान पाहावे, महिन्यातून एकदा जाळे टाकून काही मासे तोलावेत, आणि आभाळ भरून आले असेल त्या दिवशी खाद्य निम्मे करावे.