गोंदातून जन्मलेला रेनकोट

फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून ‘पीफास’ ही पाणी झटकणारी, फ्लोरिनयुक्त रसायनं वापरलेल्या कपड्यांच्या आणि पादत्राणांच्या विक्रीवर बंदी घातली, ही बातमी आता जुनी झाली. आपल्याकडे तिचा जो पडसाद उमटतोय तो मात्र ऐन पावसाळी खरेदीच्या मोसमातला आहे. पीफासमुक्त जॅकेट, पीफासमुक्त बूट, पीफासमुक्त सॅक. सूर असा, की जुनं ते विषारी, तेव्हा काढून टाका आणि नवं घ्या. माळ्यावरच्या जॅकेटातली रसायनं कधीच बनून झाली आहेत आणि जॅकेट कचऱ्यात फेकल्याने ती नाहीशी होणार नाहीत. उलट ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, हीच तर त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार आहे. पण हे सांगून कोणाचा खप वाढतो?

खरं तर आपली पावसाळी सामग्री रसायनांपायी क्वचितच बाद होते. करवंदाच्या जाळीत बाही अडकते. शेकोटीची ठिणगी तंबूवर पडते. रॉकपॅच उतरताना सॅकचा तळ कातळाला घासतो. नखाएवढं भोक पडतं, घरात जो गोंद सापडेल तो लावला जातो, पहिल्याच सरीत तो सुटतो आणि ‘वॉटरप्रूफ वस्तू दुरुस्त होत नाही’ असा निकाल लागतो. हा निकाल साफ चुकीचा आहे, कारण आधुनिक वॉटरप्रूफ वस्त्राचा जन्मच मुळी गोंदातून झाला.

ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये पेटंट घेतलं ते असं: दिव्यांसाठी कोळशापासून गॅस काढताना जे डांबर उरायचं, त्यातून मिळणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळवायचं, तो द्राव एका कापडावर फासायचा आणि वर दुसरं कापड दाबून बसवायचं. झालं पाणी न शिरणारं कापड. पंक्चरवाल्याच्या टपरीवर ‘सोल्युशन’ म्हणून जी ट्यूब असते, तिच्यातही मुळात रबर आणि असाच उडून जाणारा द्रावक असतो. म्हणजे मॅकिन्टॉशने दोन कापडं एकमेकांना चिकटवली आणि ती कोटांसाठी विकली.

पण त्यांचे कोट गळायचे. कारण होतं शिंपी. नेहमीच्या सवयीने त्यांनी कापडाला सुई लावली आणि प्रत्येक टाक्यागणिक पाण्याला एकेक दार उघडून दिलं. शेवटी मॅकिन्टॉशच्या कंपनीला कोट स्वतःच शिवून, शिवणी बंद करून विकावे लागले. फाटलेला तंबू आजही कुणी शिंप्याकडे टाकतो, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीचीच चूक नव्याने होते. फाटलेलं जरूर शिवावं, पण शिवणीवर आतून सीलंटचा हात फिरवल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नये.

या कथेत माझं ममत्व मॅकिन्टॉशपेक्षा थॉमस हॅन्कॉकवर जास्त आहे. हा मूळचा घोडागाड्या बांधणारा. लंडनमध्ये तो रबराच्या लवचीक पट्ट्या कापायचा आणि कापताना उरणारे तुकडे त्याच्या जिवावर यायचे. ते वाया जाऊ नयेत म्हणून १८२० च्या सुमारास त्याने दातेरी रुळाचं एक यंत्र बनवलं. अपेक्षा होती की तुकड्यांचा भुगा होईल. झालं उलटंच. चिरडून गरम झालेले तुकडे एकमेकांत मिसळले आणि रबराचा एकसंध गोळा बाहेर आला. ताज्या कापलेल्या रबराच्या कडा आपसांत जुळतात, हे त्याला ठाऊक होतं. यंत्राने त्या जुळण्याला वेग दिला. शोध बाहेर फुटू नये म्हणून हा गृहस्थ यंत्राला ‘लोणचं’ म्हणायचा. पुढे तो मॅकिन्टॉशचा भागीदार झाला. थंडीत फळीसारखे कडक आणि उन्हात चिकचिकीत होणारे ते कोट सुधारण्यासाठी रबरात गंधक घालून तापवण्याचं पेटंट त्याने इंग्लंडमध्ये १८४३ मध्ये मागितलं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला तेच १८४४ मध्ये मिळालं. त्याआधी गुडइयरच्या रबराचे नमुने हॅन्कॉकच्या हाती आले होते, त्यामुळे श्रेय कोणाचं यावर वाद रंगला आणि कोर्टापर्यंत गेला. ते असो. वाया जाणारे तुकडे सांधण्याच्या खटपटीतून रबराचा आधुनिक उद्योग उभा राहिला, हे मला त्या खटल्यापेक्षा मोठं वाटतं.

आता हातातल्या जॅकेटाकडे येऊ. गोंद कापडाला चिकटतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याला धरायचं असतं ते कापडावरच्या थराला, आणि हे थर एकमेकांशी फटकून वागतात. बाजारातले जाड, स्वस्त, प्लास्टिकचा वास येणारे रेनकोट पीव्हीसीचे असतात. त्यांना मऊ ठेवण्यासाठी घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि चपलांना लावायच्या नेहमीच्या रबरी गोंदाला मऊ करून सोडवतं. पंक्चरचा पॅच तर इथे अजिबात चालत नाही. त्याची करामत रबराच्या ट्यूबपुरती. पीव्हीसीला पीव्हीसीचाच तुकडा आणि व्हिनाइल सिमेंट लागतं. हे सिमेंट दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतं आणि ते एकमेकांत मिसळून सुकतात. हवा भरायच्या होड्या आणि मुलांचे पोहण्याचे टब याच रीतीने दुरुस्त होतात.

ट्रेकिंगची बहुतेक जॅकेटं, सॅक आणि मध्यम किमतीचे तंबू यांच्या आत पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा थर असतो. हा थर दुरुस्तीला सर्वांत समजूतदार. युरेथेनचं सीलंट किंवा तयार चिकटपॅच, दोन्ही त्यावर छान बसतात. हलक्या, महागड्या तंबूंना मात्र बरेचदा सिलिकॉन असतं आणि सिलिकॉनवर सिलिकॉनखेरीज काही टिकत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं खिडक्यांचं साधं सिलिकॉन टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने लावलं की काम होतं. थर कुठला ते ओळखायला साधी चिकटपट्टी कोपऱ्यावर लावून पाहा. ती धरलीच नाही, तर बहुधा सिलिकॉन आहे.

आणि ताडपत्री? पॉलिथिलीनला गोंद धरत नाही, म्हणून तर सुपरग्लूच्या बाटल्या त्याच प्लास्टिकच्या करतात. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद फाटला तर गरम हवेच्या यंत्राने वितळवूनच जोडावा लागतो. तिथे गोंदाची ट्यूब घेऊन बसणाऱ्याचं तळं दिवाळीच्या आतच कोरडं पडेल.

सुपरग्लूचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कापडाच्या वाटेला त्याला जाऊ देऊ नका. सुकल्यावर तो काचेसारखा ठिसूळ होतो आणि घडी पडली की तडकतो. शिवाय सुती किंवा लोकरी कापडावर तो सांडला तर रासायनिक क्रियेने इतकी उष्णता निघते की बोट भाजू शकतं.

पॅच लावण्याची रीत सोपी आहे, तरी घाईत तीच चुकते. तुकड्याचे कोपरे गोल कापायचे, कारण सोलवटण्याची सुरुवात टोकापासून होते. भोकाच्या चहूबाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर जागा झाकली जायला हवी. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. हातांचं सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि त्याचा तेलकट पापुद्रा मागे राहतो. शक्यतो आतल्या बाजूने चिकटवायचं, कारण बाहेरच्या बाजूचा पाणी झटकणारा लेप गोंदालाही झटकतो. मग दिवसभर वस्तूला हात लावायचा नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड, कारण दुरुस्तीची आठवण आपल्याला शुक्रवारी रात्री होते आणि हरिश्चंद्रगड शनिवारी पहाटे असतो.

आपल्या हवेचा एक पेच आहे, ज्याचा उल्लेख परदेशी ट्यूबांवरच्या सूचनांमध्ये सहसा नसतो. चपला-बुटांच्या रबरी गोंदातला द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि जुलैच्या दमट हवेतलं बाष्प त्याच्यावर जमतं. दोन पृष्ठभागांच्या मधे पाण्याचा न दिसणारा पापुद्रा तयार होतो, वरवर घट्ट बसलेला सोल दुसऱ्या चढावर उघडतो आणि दोष रस्त्याकडेच्या कारागिराला मिळतो. त्याच जुलैत युरेथेन सीलंट आणि सिलिकॉन मात्र मजेत सुकतात, कारण त्यांना घट्ट व्हायला हवेतला ओलावाच लागतो. म्हणून बूट मे महिन्यात चिकटवून घ्यावेत. तंबूच्या शिवणी ऐन पावसाळ्यात, घरातल्या छताखाली केल्या तरी चालतात.

बुटांचंही एक पाहून घ्यायचं. सोल अख्खा, स्वच्छ निघून आला असेल तर गोंद हरला आहे. दोन्ही बाजू घासा, दोन्हींना गोंद लावा, तो बोटाला लागेनासा झाला की एकदाच जोराने दाबा. बूट पुन्हा उभा राहतो. पण मधला थर बिस्किटासारखा भुगा होऊन पडत असेल तर कोणताही गोंद व्यर्थ आहे. तिथे पीयूच मेलेलं असतं. हवेतलं बाष्प त्याचे रासायनिक बंध वर्षानुवर्षं तोडत राहतं आणि न वापरता खोक्यात जपून ठेवलेले बूटही यातून सुटत नाहीत. कपाटातून काढलेला तंबू आतून चिकट लागला, त्याला आंबूस, उलटीसारखा वास आला, तर तोच रोग. पॅच त्या थराला धरेल खरा, पण थरच कापडाला सोडतोय. अल्कोहोलने जुना थर खरवडून नवा लावणारे उत्साही लोक आहेत. माझ्या मते तो हौसेचा भाग झाला.

दुखणं नसतानाही अनेक जॅकेटं बाद ठरतात. बाहेरचं कापड भिजून जड झालं, आत गारवा जाणवला, की ‘गळतंय’ असं ठरतं. पुष्कळदा आतला पडदा शाबूत असतो, फक्त बाहेरच्या लेपाचा गुण घाम, तेल आणि साबणाच्या पावडरीखाली दबलेला असतो. स्वच्छ धुवायचं, सॉफ्टनर टाळायचं आणि लेबलवर परवानगी असेल तर हलकी उष्णता द्यायची. पाण्याचे थेंब पुन्हा गोळ्या होऊन घरंगळतात. नव्या पीफासमुक्त जॅकेटांना ही निगा जास्तच लागणार आहे. फ्लोरिनविना लेप पाणी झटकतो, तेल झटकत नाही. सनस्क्रीन लावलेली मान कॉलरला रोज घासली की लेप तिथे आधी हार मानतो. ही गोष्ट जाहिरातीत ठळक अक्षरांत का नसते, हे वेगळं सांगायला नको.

माझा खरा राग लेबलवर आहे. ‘१०० टक्के नायलॉन’ असं ऐटीत छापलेलं असतं, पण दुरुस्तीला जे लागतं ते, म्हणजे आतला थर पीयू की सिलिकॉन, हे बहुतेकदा लिहिलेलं नसतं. फ्रान्सने २०२३ च्या नोव्हेंबरपासून कपडे आणि बूट दुरुस्त करून घेणाऱ्यांना ६ ते २५ युरोंची सूट द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल आणलं, ते शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांच्यासाठी. कपडे, बूट, तंबू त्यात नाहीत. अनुदान राहू द्या, थराचं नाव छापायला शाईच किती लागते?

तोवर स्वतःच लिहून ठेवायचं. चिकटपट्टी लावून थर ओळखला की लेबलच्या मागे पक्क्या शाईने नोंदवा. चेन गेलेलं किंवा बाही जळालेलं पण आतून धड असलेलं जॅकेट फेकू नका, पाठीचा भाग कापून पॅचसाठी ठेवा. तंबूला जुळणारा तुकडा हवा असेल तर ज्या पिशवीत तो भरून आला ती पाहा; अनेकदा ती त्याच कापडाची असते. फक्त आधी थर तपासून घ्या, कारण काही कापडांना एका बाजूने सिलिकॉन आणि दुसऱ्या बाजूने पीयू असतं, आणि अशा वेळी गोंद कुठला हे तुम्ही कुठल्या बाजूने चिकटवताय त्यावर ठरतं.