थोडी ‘माया’ सोडा!

मे महिन्यात आत्याच्या मुलीची हळद होती. ‘पोट दुखतंय’ असं सांगून मी घरीच थांबले. पोट अजिबात दुखत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हौसेनं शिवून घेतलेला पिवळा ड्रेस छातीत आणि दंडात अडकला होता आणि कपाटातलं दुसरं काही बसत नव्हतं.

पुण्यात हॉस्टेलला राहून मास कॉम करताना माझं माप ‘एम’वरून ‘एक्सएल’वर कधी गेलं, कळलंच नाही. अकोल्याला घरी आल्यावर ते कपाटानं सांगितलं. नवे कपडे घ्यायला संगमनेरला गेले, तर एका दुकानात ‘एक्सएल’चा कुर्ताही दंडात अडकला. ट्रायल रूममध्ये चक्क रडू आलं. सगळी चूक आपल्या शरीराचीच आहे, असं वाटलं.

नंतर कळलं, की ‘एक्सएल’ हे इंचासारखं ठरलेलं माप नाहीच. प्रत्येक ब्रँड आपापल्या तक्त्यानं ते ठरवतो. भारतीयांच्या अंगाला बसणारी मापं तयार व्हावीत म्हणून ‘निफ्ट’नं २०१८ मध्ये ‘इंडियासाइज’ हा सर्व्हे जाहीर केला. सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची थ्रीडी स्कॅनरनं मापं घ्यायची, अशी ती योजना. म्हणजे प्रश्न एकट्या माझ्या दंडाचा नव्हता!

हळद झाल्यावर आईनं तो पिवळा ड्रेस उलटा करून बघितला आणि म्हणाली, ‘‘अगं, यात माया आहे की! आधी का नाही बोललीस?’’

माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. टेलर ती सोडतातच, कारण अंग बदलणार हे त्यांना माहीत असतं. हिशोब सोपा आहे. कुर्त्याच्या दोन बाजूंच्या शिवणींत पुढच्या आणि मागच्या कापडाचे मिळून चार काठ येतात. प्रत्येक काठातून अर्धा इंच सोडला, तरी घेर दोन इंचांनी वाढतो. आमच्या टेलरकाकांनी बाजू आणि बाह्या उसवून नवी टिप मारून दिली. घेतले साठ रुपये. जुन्या शिवणीजवळ रंग जरा गडद दिसतो, पण हात खाली असला की कुणाच्या लक्षातही येत नाही.

रेडिमेड कपड्यांत मात्र ही सोय फारशी नसते. कापड वाचवण्यासाठी शिवणीलगतच कापून ओव्हरलॉक केलेलं असतं. अशा कुर्त्याला बाजूनं जुन्या ओढणीची उभी पट्टी जोडता येते. माझ्या निळ्या कुर्त्याला आईनं अशीच पट्टी लावली. आता मैत्रिणी विचारतात, डिझाइन कुठून घेतलंस?

आजीच्या पिढीला हा प्रश्न कमी पडायचा. खणाच्या चोळीला पुढे गाठ असायची. अंग भरलं की गाठ सैल, उतरलं की घट्ट. नऊवारीला तर साइजच नाही.

माझ्या चुलतभावाची अडचण उलटी आहे. पोलिस भरतीसाठी तो रोज पहाटे पळतो आणि पँटी कमरेतून घसरतात. टेलरकाकांनी त्याच्या पँटी मागच्या शिवणीतून आत घेतल्या, पण जास्तीचं कापड कापलं नाही. का? ‘‘भरती झाल्यावर अंग धरशील,’’ म्हणाले!

तुमचंही माप बदलत असेल, तर आधी कपाट रिकामं करा आणि एकेक कपडा घालून बघा. बसणारे, माया असलेले, पट्टी लावून चालतील असे आणि उरलेले, असे चार ढीग करा. उरलेल्यांतलं चांगलं असेल ते मामे-चुलत भावंडांना द्या. बाकीचं बोहारणीला किंवा गोधडीला. ‘बारीक झाल्यावर घालीन’ असा पाचवा ढीग नको. माझा तोच सगळ्यात मोठा होता आणि रोज कपाट उघडलं की तो मला टोमणे मारायचा.

नवीन घेताना एवढं बघा :

- वजन अजून बदलत असेल, तर एकदम भरपूर खरेदी नको. एकमेकांवर चालतील असे दोन बॉटम आणि तीन टॉप पुरतात.
- नाडी, इलॅस्टिक, पुढून बांधायचे टॉप निवडा.
- विकत घेण्याआधी कपडा उलटा करून शिवण बघा. आत कापड असेल तरच पुढे सैल करता येईल.
- शिवायला टाकताना ‘माया जास्त ठेवा’ असं आठवणीनं सांगा. सुती कापड आधी पाण्यातून काढा, नाहीतर शिवल्यावर आटतं.
- कपडा आत घेताना जास्तीचं कापड कापू देऊ नका.

वजन अचानक खूप वाढलं किंवा उतरलं, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण तोपर्यंत अंगावर नीट बसणारे चार कपडे हवेतच ना? 

गेल्या आठवड्यात आत्याकडे पूजा होती. पिवळा ड्रेस घालून गेले. ‘‘अगं, केवढी जाड झालीस!’’ हे ऐकावं लागलंच. पण या वेळी श्वास रोखून बसावं लागलं नाही. दोन वेळा पुरणपोळी घेतली आणि निवांत जेवले.